आडव्या वाटेने आलेली नस

मी गळ्यातली उजवीकडची नस, म्हणजे मज्जातंतू, बोलतेय. आवाजाच्या पडद्याला हलवायचं काम माझं. बोलतेय म्हणायचं आपलं. मला कापून पुन्हा शिवलंय.

इतरांच्या गळ्यातल्या उजवीकडच्या नसा मोठ्या हौशी. मानेतून थेट छातीकडे उतरतात, तिथल्या धमनीला वळसा घालतात आणि पुन्हा वर चढून घशाशी येतात. मी जन्मापासूनच जगावेगळी. खाली गेलेच नाही, मानेतून आडवी निघून सरळ कामावर हजर! माझ्यासारख्या फार थोड्या. पण कुणाचं काही अडलं नव्हतं.

माझी मालकीण बसस्थानकावर घोषणा करायची. "प्रवाशांनी लक्ष द्यावं" म्हणाली की जागेवरून भांडणारेही क्षणभर गप्प व्हायचे. घरी तोच आवाज मऊ करून ती लहानग्या लेकीला गोष्ट सांगायची. त्या आवाजात मीही आहे, याचा मला केवढा तोरा!

मग थायरॉईडला गाठ आली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. मला धक्का लागू नये म्हणूनच त्या मला शोधत होत्या, पण नेहमीच्या जागी.

मदतीला उभा असलेला डॉक्टर म्हणाला, "मॅडम, नस अजून दिसली नाही. हा आडवा दोरा तर नसेल?"

"नस खालून येते रे. ही बारीक रक्तवाहिनी आहे. बांधून काप."

मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण मला स्वतःचा आवाज कुठेय? गाठ निघाल्यावर त्यांना माझं कापलेलं पांढरं टोक दिसलं. टोकं जुळवून त्यांनी टाके घातले. मी पूर्वीसारखी झाले नाही.

"चूक माझी आहे, ताई," खाटेशी बसून त्या म्हणाल्या. मालकिणीने बोलायला तोंड उघडलं, तर नुसता वारा निघाला.

आता डावीकडची माझी बहीण एकटी राबते. निघते ती नुसती फुसफुस. मालकीण घोषणा सोडून स्थानकावरच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसते. लेक झोपताना म्हणते, "आई, खऱ्या आवाजात सांग ना गं."

शस्त्र धरणाऱ्यांनो, तुमच्या पुस्तकातली वाट मला कुणी शिकवली नव्हती. मला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही कापू नका. माझं तर सगळं संपलंच आहे.

स्थानकावर अजून मालकिणीच्या जुन्या, रेकॉर्ड केलेल्या घोषणा लावतात. काल ती लेकीचा हात धरून तिथून चालली होती. भोंगा बोलू लागला, तशी पोर आईचा हात सोडून धावली आणि खांबाखाली उभी राहून वर बघत म्हणाली, "आई, अजून बोल ना!"