न बांधलेला रुमाल

पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्याचा भोंगा झाला की व्हेरोनिकाच्या घरातली माणसं बदलत. बिछाने मात्र तेच. दिवसपाळीचे भाडेकरू उठून जात आणि रातपाळीचे त्यांच्याच उबेत येऊन पडत. एवढ्या गड्यांचं रांधणं, काजळीनं माखलेले कपडे धुणं, सगळं व्हेरोनिका आणि तिची चौदा वर्षांची लेक अनेश्का उपसत. पोरीची शाळा बापानं केव्हाच सोडवली होती. बटाटे सोलायला शाळा कशाला, म्हणे.

बाप युराय. भट्टीपाशी त्याचा उजवा हात भाजून निकामी झाला होता. तरी काम टिकलं, कारण टोळीचा मुकादम मातुश त्यांचाच भाडेकरू. चाळिशीचा विधुर. एका सोमवारी अनेश्का सदरे पिळत होती, तिच्याकडे बघत तो युरायला म्हणाला, "पोरगी चलाख आहे. ईस्टर झाला की आमचं लग्न उरकून टाकू."

"अहो, बाहुली घेऊन झोपते ती अजून," व्हेरोनिका रात्री नवऱ्याला म्हणाली.

"तू केवढी होतीस?"

"पंधराची. म्हणून तर सांगते."

"मग जा, सांग त्याला नाही म्हणून. उद्या कारखान्याच्या फाटकावरून हाकललं की ह्या हातानं मी काय करू, तेही सांग."

काय सांगणार बिचारी? ईस्टर झाला आणि चर्चमध्ये लग्न लागलं. समुद्र ओलांडताना आम्ही स्लोवाकांनी किती गोष्टी मागे टाकल्या, पण ही रीत तेवढी गाठोड्यात जपून आणली.

आमच्यात पाद्रीबाबांनी लग्न लावलं तरी मुलगी मुलगीच राहते. संध्याकाळी बायका तिच्या डोक्यावरचं फुलांचं कडं उतरवतात आणि आई स्वतःच्या हातानं लाल रुमाल बांधते. मग ती बायको. मग तिला नवऱ्याच्या खोलीत धाडायचं.

त्या संध्याकाळी खुर्चीवर अनेश्का बसली होती. पाय जमिनीला पुरत नव्हते. तिची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्मआई बोर्बाला कड्याला हात घालणार, तोच पोरीनं आईचं पोलकं धरलं.

"आई, मी तुझ्याजवळच झोपू ना?"

व्हेरोनिकानं रुमालाची पुन्हा घडी घातली.

"मी नाही बांधणार."

"डोकं फिरलं का तुझं?" युराय ओरडला. "बोर्बाला, तू बांध गं."

बोर्बालानं रुमालाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि बाकावर जाऊन बसली. "माझ्या हाताला आज जोर नाही," ती म्हणाली. बाकीच्या बायाही जागच्या हलल्या नाहीत.

मातुश उठला. "उद्या फाटकावर बघतो तुला, युराय."

व्हेरोनिका मातुशच्या खोलीकडच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. "बघा. मी धुणी धुवीन, आणखी दहा घरची धुवीन. पोरगी वर जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. युरायला फाटकावरूनच परत पाठवलं. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मातुशबरोबर त्याच्या टोळीचे गडीही गेले आणि निम्मे बिछाने गार पडले. व्हेरोनिका हौदापाशी एकटीच धूत होती, कारण अनेश्काला तिनं शाळेत धाडलं होतं.

रीत आहे, आपण काय करणार, असं आपण म्हणतो. पण बायांनो, रुमाल तर आपल्याच हातानं बांधतो ना आपण?