न भिजवलेले टॉवेल

गाडी चमकवायची ती डेल्फिनोने, पण चमकलेल्या गाडीवर ओरखडा उठू द्यायचा नाही तो ओर्लिंडाने, असं त्या खोऱ्यात सगळे मानत. उत्तर न्यू मेक्सिकोतल्या त्या गावात जुन्या, जमिनीला टेकलेल्या गाड्या लोक पोटच्या पोरांसारख्या जपतात, आणि अर्चुलेटा भावंडांच्या शेडमध्ये त्या पॉलिशला येत. भाऊ पॉलिश करी. अठ्ठावन्न वर्षांची थोरली बहीण टॉवेल धुई.

टॉवेल धुणं हे ऐकायला सोपं. मायक्रोफायबरच्या टॉवेलची लव बारीक, तिच्यात वाळूचा एक कण अडकून राहिला तर दहा थर दिलेल्या रंगावर केसाएवढी रेघ उठते आणि ती उन्हात जन्मभर दिसते. म्हणून ओर्लिंडा आधी ढीग निवडी. चाकांची काळी घाण पुसलेले एका टबात, पॉलिश सुकून पापडासारखे कडक झालेले दुसऱ्यात, काचेचे वेगळे. कोमट पाणी, साबणाचा हात जपून, आणि चार-सहा तास भिजत. पाणी काळं झालं की ओतायचं, पुन्हा भरायचं. मगच यंत्र. कडकडीत पाणी नाही, कपडे मऊ करायचं औषध नाही, ड्रायर मंद. आणि तेलाचे टॉवेल तर तिच्या हिशेबी वेगळीच जात. ते दोनदा भिजवायचे, धुवायचे आणि बाहेर तारेवर एकेक सुटा वाळत घालायचा. ड्रायरला त्यांचा स्पर्शही नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी डेल्फिनोने स्वतःच्या ट्रकच्या मागच्या हौद्यातल्या ओकच्या फळ्यांना अळशीचं तेल दिलं. एक्कावन्न सालचा तो पिकअप, आलुबुखाऱ्याच्या रंगाचा, त्याने नऊ वर्षं खपून उभा केला होता. जास्तीचं तेल पुसायला त्याने पंचवीस-तीस टॉवेल वापरले आणि ढीग बहिणीच्या पायाशी टाकला.

"उद्या सकाळी हवेत."

"तेलाचे उद्या संध्याकाळपर्यंत होणार नाहीत," ती म्हणाली. "भिजायला हवेत."

शेडमध्ये दोन गिऱ्हाईकं उभी होती. डेल्फिनो त्यांच्याकडे बघून हसला. "बघा! जग कुठल्या कुठे गेलं, आमची ओर्लिंडा अजून फडकी बुचकळत बसलीय. यंत्र कशाला आणून दिलं मग? पाण्यात चिंध्या भिजवायला काय शाळा लागते?"

गिऱ्हाईकं हसली. ओर्लिंडाने ढीग पायाने टबाकडे सरकवला. तिचा राग तसाच होता, तो तोंडातून कधी निघत नसे.

दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या सकाळच्या प्रार्थनेहून आल्यावर तिने सगळे टॉवेल एकत्र उचलले. चाकांचे, पॉलिशचे, तेलाचे, सगळे. कोरडेच यंत्रात घातले आणि पाणी कडकडीत ठेवलं. म्हणे शाळा लागत नाही! मग तेच ड्रायरमध्ये, बटण शेवटापर्यंत फिरवून. ड्रायर थांबला तेव्हा टॉवेल हातात धरवत नव्हते. त्यांना अजून अळशीचा वास येत होता, कच्च्या रंगासारखा, उग्र. तो तिने ओळखला. ओळखूनही घड्या घातल्या, प्लास्टिकच्या टबात गरम गरम दाबून बसवल्या आणि धुण्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं. डेल्फिनोला कपाटातले जुने धुतलेले आठ टॉवेल दिले. "हे घे. बाकीचेही झालेत."

"बघ, झालेच की," तो म्हणाला.

जेवण झालं. चौऱ्याऐंशी वर्षांची आई, एउफेलिया, वाटीभर पोसोले, म्हणजे मक्याचा रस्सा, आणि हॅमचा तुकडा खाऊन कानातलं यंत्र काढून मागच्या खोलीत आडवी झाली. तिच्या पलंगामागची भिंत आणि धुण्याच्या खोलीची भिंत एकच. "मी नाही येत," ती म्हणाली. "तुमची ती मुंग्यांची मिरवणूक मी पन्नास वेळा पाहिलीय."

दोनच्या सुमारास भाऊ-बहीण ट्रकमधून निघाले.

ईस्टरच्या दुपारी गावचा मोठा रस्ता गाड्यांनी भरतो. चर्चचे कपडे अंगावर, खिडक्या खाली, गाणी चालू, आणि गाड्या मुंगीच्या पावलाने. सावकाश चालवणं हीच शान. घाई करील तो खुळा. फुटपाथवर लोक खुर्च्या टाकून बसले होते. डेल्फिनोचा ट्रक आला की ते उठून उभे राहत, आणि तो एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने टोपीला हात लावी.

तीन वाजले असतील. ओर्लिंडाने नाक पुसायला हात वर नेला आणि तिला तळव्याला वास आला. अळशी.

तेल नुसतं वाळत नाही, वाळताना तापतं. सुटं टांगलं तर ती ऊब वाऱ्यावर जाते. ढिगात कोंबलं तर ऊब आतच कोंडते, वाढत जाते. तेही आधीच ड्रायरने भाजलेलं. बारा वाजता टब भरला होता. तीन तास.

कदाचित काही होणार नाही, ती स्वतःशी म्हणाली. धुतलेत तर खरे. पण बोललं तर सगळंच बोलावं लागेल. भिजवले नाहीत, मुद्दाम भिजवले नाहीत. पहिला सिग्नल गेला. पुढच्या गाडीने पंपाच्या जोरावर मागचा भाग उचलून आपटला, लोकांनी टाळ्या पिटल्या. दुसरा सिग्नल आला. आई आत्ता गाढ झोपली असेल, भिंतीकडे तोंड करून.

"डेल्फिनो, गाडी वळव."

"का? गॅस चालू राहिला?"

"टॉवेल."

तो हसला. "पळून जातायत का टॉवेल?"

"तेलाचे ड्रायरमध्ये घातले मी. गरमच टबात दाबले."

त्याचं हसू तिथेच थांबलं. या धंद्यात असली आग कुणी ऐकलेली नाही असं नव्हतं. "भिजवले होतेस ना?"

"नाही."

"ओर्लिंडा!"

"नाही भिजवले. आई आत आहे."

तिने घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. ऐकणार कोण? शेजारच्या बेनीला लावला, तो इथेच कुठेतरी मागे रांगेत होता आणि त्याला गाण्यापुढे काही ऐकू येईना. मग तिने अग्निशामक दलाला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "बंब पाठवते, पण मोठा रस्ता तुंबलाय, आमची माणसं वळसा घालून येतील. धूर दिसतोय का?"

"मी तिथे नाही," ओर्लिंडा म्हणाली.

पुढे गाडी, मागे गाडी, शेजारी गाडी. ट्रकचं पोट रस्त्यापासून चार बोटं वर. डेल्फिनोने गाडी वर-खाली करायचं बटण दाबलं. फुस्स आवाज करत ट्रक हळूहळू उचलला गेला. लोकांना वाटलं खेळ दाखवतोय, त्यांनी शिट्ट्या मारल्या. त्याने हॉर्नवर हात दाबून धरला, चाक वळवलं आणि दोन गाड्यांच्या फटीतून रस्त्यामधल्या दगडी कट्ट्यावर ट्रक चढवला. खालून काहीतरी कर्रकन् घासलं.

"ए डेल्फिनो, मिरवणूक इकडे आहे रे!"

"म्हातारा पिऊन आला वाटतं!"

पेट्रोल पंपाच्या आवारातून तो बाहेर पडला. पुढे नदीवरचा पूल, आणि पुलानंतर चार मैल खडीचा रस्ता. त्या रस्त्यावरून हा ट्रक नेहमी पोरगं रांगावं तसा जायचा. आज डेल्फिनोने पाय दाबला. खडे उडून दारांवर, चाकांवरच्या पत्र्यावर तडातड बसू लागले. एकेक खडा ओर्लिंडाला स्वतःच्या अंगावर बसल्यासारखा वाटे. तिने भावाकडे पाहिलं. तो ओठ मिटून रस्ता बघत होता. एकदाही त्याने तोंड वाकडं केलं नाही, आणि तेच तिला सोसवेना.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली.

"फोन लाव. लावत राहा."

ती लावत राहिली.

वळणावरून घर दिसलं. ते होतं तसंच होतं. छप्पर जागेवर, खिडक्या जागेवर, दारातलं जर्दाळूचं झाड फुललेलं. ओर्लिंडाला हायसं वाटलं. उगाच. उगाच भावाचा ट्रक फोडला आपण. मग ट्रक मागच्या बाजूला वळला आणि धुण्याच्या खोलीच्या दाराखालून तपकिरी धुराची एक पट्टी बाहेर सरपटताना दिसली. जाड, संथ. जळलेल्या प्लास्टिकचा वास आला.

डेल्फिनो उडी मारून त्या दाराकडे धावला. तिने मागून त्याचा शर्ट पकडला, इतक्या जोरात की शिवण उसवली.

"उघडू नकोस! वारा मिळाला की भडकेल. आधी आई!"

ती दोघं पुढच्या दाराने आत शिरली. बोळात धूर कमरेपर्यंत उतरला होता. आईच्या खोलीचं दार बंद होतं, देवाची कृपा. आत हवा धुरकट, आणि पलंगामागच्या भिंतीचा रंग फोड येऊन फुगलेला. आई भिंतीकडे तोंड करूनच झोपली होती. ओर्लिंडाने तिच्या खांद्याला हात लावला. हलेना. पुन्हा हलवलं.

"आई!"

म्हातारीने डोळे उघडले, पोराला बघितलं आणि त्याने आपल्याला गोधडीसकट उचललेलं पाहून त्याच्या कानशिलात एक ठेवून दिली. "खाली ठेव मला, गाढवा! काय चाललंय?"

डेल्फिनो रडत होता की धुराने डोळे वाहत होते, कोण जाणे. तिघं जर्दाळूपाशी पोहोचली तेवढ्यात मागे धुण्याच्या खोलीची काच फुटली आणि ज्वाळा बाहेर आली.

बंब दहा मिनिटांनी आला. धुण्याची खोली गेली, आईच्या खोलीची भिंत गेली, पलंग गेला. स्वयंपाकघर आणि पुढची बाजू वाचली. शेजारीपाजारी गोळा झाले. बंबाची प्रमुख इसिद्रा, गावातलीच, हेल्मेट काखेत धरून आली. "सुरुवात कशाने झाली असेल?"

डेल्फिनो पटकन म्हणाला, "ड्रायर जुना होता. वायरच असेल." त्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

इसिद्राने मान डोलावून लिहायला घेतलं. गप्प राहिलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"वायर नव्हती," ओर्लिंडा म्हणाली. "अळशीच्या तेलाचे टॉवेल. मी ते न भिजवता धुतले, ड्रायरमध्ये घातले आणि गरम असताना टबात कोंबले. मला ठाऊक होतं असं करू नये. काल ह्याने लोकांसमोर माझी थट्टा केली, त्याचा राग होता."

इसिद्राची लेखणी थांबली, मग पुन्हा चालू लागली.

"मी सांभाळून घेत होतो ना," डेल्फिनो खालच्या आवाजात म्हणाला.

"नको सांभाळूस."

"एवढा राग आला होता?"

"हो."

"मग चार शिव्या द्यायच्यास मला."

"येत नाहीत ना मला."

तो ट्रकच्या पायरीवर जाऊन बसला. दारावर वीस-पंचवीस पांढरे टवके उडाले होते. त्यातल्या एकावरून त्याने बोट फिरवलं आणि हात मांडीवर ठेवला.

आई पुढच्या खोलीत राहायला आली आणि तिथेच राहिली. भिंत जूनपर्यंत बांधून झाली. डेल्फिनोने बहिणीला महिनाभर टॉवेल दिले नाहीत. स्वतः धुतले, नाहीतर गावातल्या लॉन्ड्रीत नेले, आणि एका गिऱ्हाइकाच्या निळ्या गाडीवर बारीक रेघा आल्या तेव्हा त्याने निमूट ती पुन्हा पॉलिश केली. ओर्लिंडानेही मागितले नाहीत. ती आईचं बघायची, बागेत पाणी सोडायची, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तळवे नाकाशी नेऊन हुंगायची. कितीही साबण लावला तरी तिला खात्री वाटत नसे.

मे संपता संपता एका सकाळी तो अंगणात आला, हातात घाणीने ताठ झालेले दहा-बारा टॉवेल.

"चाकांचे आहेत," तो म्हणाला. "तेलाचा एकही नाही. मी बघितलंय."

ओर्लिंडाने ते घेतले. त्याने बघितलं होतं तरी तिने एकेक उलगडून पाहिला, वास घेतला, मग टब ओढला आणि नळ सोडला. पाण्यात हात घालून कोमट आहे ना ते पाहिलं.

"कधी होतील?" त्याने विचारलं.

"होतील तेव्हा," ती म्हणाली.

तो हो म्हणून शेडकडे गेला.