लार्टरांच्या घराची वाट

१९४० च्या जूनमध्ये सरकारने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या नॉरफकमधल्या रस्त्यांवरच्या सगळ्या पाट्या उपटून नेल्या. जर्मन उतरलेच तर निदान वाट चुकावेत तरी, म्हणून. अनोळखी माणसाला वाट सांगायची नाही असा हुकूम निघाला, आणि आमच्या गावाने जन्मात पहिल्यांदा एखादा हुकूम मनापासून पाळायला घेतला.

त्याच आठवड्यात बाबांना न्यूमोनिया झाला. गावचे डॉक्टर लष्करात गेलेले. मी पोस्टातून शहरातल्या दवाखान्याला फोन लावला. नवा डॉक्टर म्हणाला, "दुपारी येतो. नव्या गोळ्या निघाल्यात. आज सुरू केल्या तर वाचतील." पोस्टाच्या गॉट्सबाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या सगळ्यांचेच फोन ऐकायच्या.

दुपार गेली, चहाची वेळ टळली. आडवं केलं की बाबांचा श्वास अडकायचा, म्हणून मी आणि आई त्यांना दोन्हीकडून धरून बसलो होतो. रस्त्यावर बघायला जायला तिसरं माणूस नव्हतं.

संध्याकाळी गॉट्सबाई आल्या, आणि बरोबर गावरक्षक दलाचे प्रमुख बनकाका. दलाला बंदुका मिळायच्या होत्या, तोवर काकांकडे गवत उचलायचं दाताळं होतं.

"क्लेम, बाबांना सांग, तेवढाच जिवाला विरंगुळा," बनकाका म्हणाले. "आपण हेर पकडला."

"मोटारीतून आला," गॉट्सबाई म्हणाल्या. "मला विचारतो, लार्टरांचं घर कुठे? तुमचं आडनाव ठाऊक, यांचं दुखणं ठाऊक. बर्लिनला किती बारीक खबर जाते बघा."

आईने मान वळवली. "मॉड, तो डॉक्टर होता."

"म्हणाला खरा तसं. मग काय, हेर आहे म्हणून सांगेल?"

"सकाळी फोनवर ऐकलंस ना तू, डॉक्टर येतोय म्हणून?"

"म्हणून तर संशय आला. ते फक्त मला आणि तुम्हाला माहीत होतं. याला कसं कळलं?"

"शिवाय बोलणं इंग्रजाचं नाही," बनकाका म्हणाले. "म्हणे वेल्सचा आहे. मॉडने दलदलीच्या वाटेला लावून दिला, तिथे मोटार रुतली. आता माझ्या कोळशाच्या खोलीत आहे."

मी बनकाकांना माझ्या जागी बाबांच्या पाठीशी बसवलं आणि त्याला सोडवून आणायला पळालो.

डॉक्टर रीस माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठा असेल. गुडघ्यापर्यंत चिखल, वर कोळसा. त्याने बाबांची छाती ठोकून पाहिली आणि बॅग मागितली.

"बॅग आहे," बनकाका म्हणाले. "गोळ्या नाहीत. विहिरीत टाकायचं विष वाटलं. एक कोंबडीला चारून बघितली."

"मग?"

"कोंबडी ठणठणीत. पण जोखीम कशाला? बाकीच्या खाडीत टाकल्या."

डॉक्टरने मला गोळ्यांचं नाव लिहून दिलं. मी सायकलने शहर गाठलं, दवाखाना उठवला, गोळ्या घेऊन परतलो तेव्हा उजाडत होतं. बाबांना आडवं केलेलं होतं. आता त्याने काही बिघडणार नव्हतं.

आमच्याकडे माणूस गेला की चर्चच्या घंटेवर त्याच्या वयाइतके टोले देतात. ते कामही बनकाकांचंच. आईने त्यांना बोलावून घेतलं.

त्यांनी टोपी काढली. "नाही जमायचं, एल्सी. घंटा आता जर्मन उतरले तरच वाजवायची. उगाच वाजवली तर सगळं गाव दाताळी घेऊन पळत येईल."

"येऊ दे," आई म्हणाली. "तेवढीच माणसं जमतील."

बनकाका टोपी फिरवत उभे राहिले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. ते आणि बाबा शाळेत एका बाकावर बसायचे.

"हुकूम आहे गं," ते म्हणाले, आणि पहाऱ्यावर गेले.