दुधातली पूड

साखर बंद होऊन वर्ष झालं होतं, तरी शिवकन्या रोज सकाळी दुधात चमचा कशाला फिरवते, हे गोरक्षनाथला कळेना.

तीन वर्षांपूर्वी शेळ्यांसाठी कडुलिंबाचा पाला तोडताना तो फांदीवरून पडला आणि त्याचा छातीमागचा मणका मोडला. हात शाबूत राहिले. छातीखाली मात्र चटका दिला तरी कळत नव्हतं. धावडा गावातल्या घराची पुढची खोली, खाट, खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी आणि एक खिडकी, एवढ्यातच त्याचा दिवस जायचा. त्याची बायको शिवकन्या सकाळी त्याचं सगळं उरकून मजुरीला जायची.

माणूस खाटेला खिळला की कान तिखट होतात. आत चमच्याची किणकिण थांबायची, डब्याचं झाकण वाजायचं, मग ती पेला घेऊन यायची. आठ दिवसांपासून दूध पिऊन तासभर होतो न होतो तोच त्याचं डोकं फुटायला लागे. कपाळावर घाम, दंडावर काटा, कानात ठोके. घटकाभरानं उतरे.

"दुधात काय घालतीस?" त्यानं एकदा विचारलं.

"काय घालू? दूधच हाय," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. तीन वर्षं दुसऱ्याची घाण काढून कोण कंटाळणार नाही? आपण तिच्या जागी असतो तर? हा विचार त्याला दुधापेक्षा जास्त बाधला.

दुसऱ्या दिवशी ती पाठमोरी झाल्यावर त्यानं अर्धं दूध रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली उशीखाली दडवली. दुपारी काढून पाहिली तर दूध खळीसारखं घट्ट झालेलं. साधं दूध असं होत नसतं.

जालन्याहून महिन्यातून एकदा कल्याणी सिस्टर त्याला तपासायला येत. बाटली त्यांच्याच हातात द्यायची, असं त्यानं ठरवलं. त्या दुसऱ्याच सकाळी आल्या, पण तेव्हा डोकं असं उठलं होतं की त्याला बोलवेना. तोंड लालबुंद झालं. घाबरून शिवकन्या त्याला आडवं करायला लागली.

"आडवं नको," सिस्टर दारातूनच म्हणाल्या. "बसतं करा. पाय खाली सोडा."

त्यांनी कमरेची नाडी सैल केली, रक्तदाब पाहिला. एरवी शंभराच्या आसपास असणारा आकडा एकशे नव्वदवर होता. लघवीची नळी मोकळी होती.

"पोट कधी साफ झालं?"

"धा रोज झाले," शिवकन्या म्हणाली.

सिस्टरनी फोनवर डॉक्टरांना विचारलं, हातमोजे घातले, बधिर करणारं मलम लावून अडकलेलं काढलं. हळूहळू आकडा खाली आला. घाम थांबला.

"छातीखालचं दुखणं तुम्हाला कळत नाही, गोरक्षभाऊ, पण शरीराला कळतं. मग रक्तदाब चढतो. असाच चढत राहिला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो."

गोरक्षनाथनं उशीखालून बाटली काढली. "हे तपासायला न्या. ही रोज घालून राह्यली काय तरी."

सिस्टरनी बाटली हलवली, चिकट थेंब बोटावर घेऊन पाहिला. "हे इसबगोल आहे."

"म्याच घालते," शिवकन्या म्हणाली. "पोटाची गोळी घ्या म्हनलं की अंगावर येतेत. मंग शेजारच्या पुष्पाबाईनं हे सांगितलं."

"आणि पाणी किती पिता?" सिस्टरनी त्याला विचारलं.

"पितो की."

"किती?"

तो खिडकीकडं बघू लागला. तांब्याभर पाणी तो रोज त्याच खिडकीतून बाहेर ओतत होता. चार माणसांत पिशवी फुगायची, ती रिकामी करायला बायकोला हाक मारावी लागायची, त्याची त्याला लाज वाटायची. "दोन गिलास. बाकीचं ओतून देतो," तो कसाबसा म्हणाला.

"इसबगोल पाणी ओढतं. पाणी नसलं की आत सिमेंट होतं," सिस्टर म्हणाल्या. "तिनं लपवून घातलं, तुम्ही लपवून ओतलं."

त्या गेल्यावर शिवकन्येनं बाटली मोरीत रिकामी केली.

"तुमाला वाटलं म्या इख घालते?"

"वाटलं," तो म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी टेंभुर्णीला गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा. थोरल्या भावाकडं राहणारी त्याची आई, बायनाबाई, देखरेखीला आली. म्हातारीच्यानं होईल तेवढं ती करायची. गोरक्षनाथ मोजून दहा गिलास पाणी प्यायचा आणि रस्त्यावर गाडी थांबली की कान टवकारायचा. शिवकन्या आता येत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. हात धुतले आणि एक शब्द न बोलता त्याला कलता करून पाठ, कंबर पाहिली.

"हितं लाल झालंय," ती सासूला म्हणाली. "कूस कधी बदलल्ती?"

"सकाळी," बायनाबाई चाचरत म्हणाली.

"शिवकन्या, म्या..." त्यानं सुरुवात केली.

"बोलू नका आता," ती म्हणाली. "हात द्या हिकडं. कुशीवर व्हा."