टोपलीतली पट्टी

एडिनबरातल्या त्या छोट्या संग्रहालयाच्या तळघरात यतीन देवस्थळी गेले सहा महिने दर शनिवारी एकाच जागी येऊन अडत होता. आज तर दोन वाजता कमिटी येणार होती. काम चालू झालेलं दिसलं तर खोली राहणार, नाहीतर तिथे कॅफे.

काम म्हणजे एक जुना कंपायलर चालवून दाखवायचा. माणसाने साधं सूत्र लिहावं आणि यंत्राने त्याचे स्वतःला कळणारे आकडे स्वतःच करून घ्यावेत, ही सोय साठ-पासष्ट वर्षांपूर्वी नवलाची होती. त्याआधी माणसंच ते आकडे जुळवत डोळे फोडत बसायची. हा कंपायलर कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवलेला होता. डब्यात ‘१’ आणि ‘२’ अशी दोन रिळं निघाली, म्हणजे एक जादा प्रतही मिळाली. ती वाचणारं यंत्र यतीनने एकेक स्क्रू जमवून उभं केलं होतं. आठवडाभर बँकेत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्याला एक म्हातारा प्रोग्रॅम जुमानत नाही, हे त्याला फार झोंबत होतं.

पहिलं रीळ आणि त्यामागून सतराचं वर्गमूळ काढायच्या सूत्राची पट्टी आत जायची, यंत्र खडखडायचं, भोकाभोकांची हातभर निरर्थक पट्टी ओकायचं आणि गप्प. यतीन ती तोडून टोपलीत फेकायचा आणि वहीत लिहायचा, ‘कारण कळलं नाही.’

सुमनआजी हे सगळं बघत बसलेल्या असायच्या. महाराष्ट्र मंडळातली ओळख, वय शहाऐंशी. नात सिया त्यांना इथे सोडून पोहायला जायची. “मी पूर्वी इथे युनिव्हर्सिटीतच कामाला होते,” असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. कसलं काम, हे यतीनने विचारलं नाही. वाकून नमस्कार केला, हीटरजवळची बरी खुर्ची दिली, चहा दिला. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय लागतं, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. आजी टोपलीतल्या पट्ट्या उचलून बोटांभोवती नीट गुंडाळत बसायच्या. जुन्या माणसांची काटकसर, असं तो मनात म्हणायचा.

“अरे, ही टाकू नकोस,” त्या आजही उठून म्हणाल्या.

“आजी, प्लीज, तुम्ही बसा. आय विल हँडल इट.”

कमिटी आली. यंत्र खडखडलं, हातभर पट्टी ओकलं आणि थांबलं. अध्यक्षबाई “सच अ शेम” म्हणाल्या आणि कॅफेचा ठराव उभ्याउभ्याच मंजूर करून निघून गेल्या.

यतीनने टोपलीला लाथ मारली. मग आजी समोर आहेत हे लक्षात येऊन ओशाळला.

आजी उठल्या. या वेळी “बसा” म्हणायचंही त्याला सुचलं नाही. त्यांनी यंत्रातून लोंबणारी पट्टी तोडली, उजेडात धरून पाहिली, आणि डब्यातलं दुसरं रीळ काढून चढवलं.

“ही कॉपी नाहीये. हा पुढचा अर्धा भाग. मेमरी एवढीशी, अख्खा कंपायलर मावायचाच नाही. अर्धं काम झालं की मशीन ऑपरेटरसाठी थांबायचं. तिने पट्टी तोडायची, दुसरं रीळ लावायचं, आणि त्यामागून ही पट्टी परत आत भरवायची. चार वर्षं मी हेच करत होते.”

बोलता बोलता त्यांनी पट्टी आत भरवली. यंत्र खडखडलं, आणि कागदावर सतराचं वर्गमूळ उमटलं. ४.१२३१. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सहा महिन्यांचा.

यतीनने धडपडत अध्यक्षबाईंना फोन लावला. “हाऊ लव्हली,” त्या म्हणाल्या. “डू टेक अ व्हिडिओ.” ठराव मात्र झाला तो झाला.

“मला आधी नीट सांगायचं ना, आजी,” तो चिडून म्हणाला. चिडायचा हक्क नव्हता, तरी चिडला.

आजी पट्टी बोटांभोवती गुंडाळत होत्या. “तीनदा सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तीनदा तू चहा आणलास.”