लशीच्या रांगेत महादेवराव

बोरगाव मेघेच्या शाळेच्या मैदानावर डॉक्टर हेमराज दर वर्षी कुत्र्यांच्या लशीचं शिबिर घ्यायचे. पहिल्या वर्षी त्यांनी लोकांना कुत्री घेऊन खाली उतरवलं, तर लस राहिली बाजूला आणि मैदानावर अशी कुस्ती जुंपली की दोन मालकांचे पायजमे फाटले. तेव्हापासून नियमच झाला: गाडीवरून कोणी उतरायचं नाही. लुना असो, ऑटो असो की बैलबंडी, एका फाटकानं आत यायचं, मालकानं कुत्रं मांडीत आवळून निंबाखाली थांबायचं आणि दुसऱ्या फाटकानं बाहेर पडायचं. डॉक्टर मागून सुई टोचत आणि पुढून वस्तीतल्या मंदाबाई गूळ-तुपाच्या पोळीचा तुकडा कुत्र्याच्या तोंडात सारत. जिभेवर गूळ असला की कुत्र्याला ढुंगणाची आठवण राहत नाही, असं त्या म्हणत. पोळ्याही त्याच घरून करून आणत.

एवढी हौस त्यांना आली कुठून, तर भुऱ्यामुळे. नवरा गेल्यावर घरात बोलायला तो एकच कुत्रा उरला होता. समोर राहायचे महादेवराव. वर्ध्यात कापडाचं मोठं दुकान, कपाळाला गंध, साऱ्या वस्तीत मान. या भल्या माणसाला भुऱ्याचं पहाटेचं भुंकणं खपत नसे. एका पहाटे त्यांनी कुंपणावरून काहीतरी फेकलं. मंदाबाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ऊन वर येईस्तोवर भुऱ्या तोंडाला फेस येऊन गेला.

मंदाबाईंनी गणपती मंडळाच्या बैठकीत नाव घेऊन सांगितलं. महादेवराव नुसते हसले. "साप डसला असन, बाई."

मग त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, उठून गणपतीच्या पाटावर हात ठेवला आणि सांगितलं, की मालक त्या पहाटे अंथरुणातून उठलेच नव्हते. झालं! देवावर हात ठेवल्यावर कोण काय बोलणार? उलट अध्यक्ष प्रभाकररावांनी मंदाबाईंनाच भरल्या बैठकीत हात जोडायला लावले. भुऱ्याचं दुःख होतंच. पण ते जोडलेले हात! भाकरी थापताना, दिवा लावताना, केव्हाही ते आठवले की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. महादेवरावांवर त्यांनी जो दात धरला तो धरलाच. एकदा, फक्त एकदा, त्या माणसाचे हात आपल्यापुढे जोडलेले बघायचे, एवढंच त्यांना हवं होतं.

काही वर्षं गेली. त्या साली पिसाळलेलं कुत्रं वस्तीत शिरून दोघांना चावलं, आणि आजवर लशीला नाक मुरडणारेही मैदानाकडे धावले. त्या रांगेत महादेवरावांची पांढरी मारुती होती. शेजारी भागीरथाबाई, महादेवरावांच्या मांडीवर सोन्या नावाचं केसाळ पांढरं कुत्रं. निंबाखाली मंदाबाई दिसताच महादेवरावांनी काच वर केली. काचेतून सुई जात नाही, म्हणून ती परत खाली करावी लागली. पुढे ऑटो, मागे प्रभाकररावांचा ट्रॅक्टर. पळायला जागा नव्हती.

"या जी, महादेवराव," मंदाबाई म्हणाल्या. "धरा बरं घट्ट."

सोन्यावर त्यांचा राग नव्हता. मुक्या जिवानं काय केलं होतं? त्यांनी नेहमीसारखा पोळीचा तुकडा मोडला आणि पुढे केला. सोन्यानं तो मटकन तोंडात घेतला. डॉक्टरांची सुई अजून वरच होती, तेवढ्यात महादेवरावांनी कुत्र्याच्या जबड्यात बोटं खुपसली.

"थुक! थुक रे सोन्या!"

"काऊन जी?" डॉक्टर चकित झाले. "सकाळपासून साऱ्याच कुत्र्यायनं खाल्ली."

"विष हाय त्यात! बदला काढून राह्यली ही बाई!" महादेवराव ओरडले. "मी तुह्या कुत्र्याले पोळीतून घातलं, म्हणून तू माह्याले घालतं काय?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. शब्द तोंडातून गेल्यावर महादेवरावांनी ओठ मिटले, पण साऱ्या रांगेनं ऐकलं होतं. मंदाबाईंच्या छातीत असा आनंद उसळला की त्यांना त्याची लाजही वाटली नाही. हातातला उरलेला तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला.

"घ्या. मी बी खाल्ली. मरते का पाहा आता."

मारुतीचं दार उघडलं. नियम मोडून भागीरथाबाई खाली उतरल्या. नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणालते, झोपूनच होतो. तुमच्या शब्दावर मी गणपतीवर हात ठेवलता जी. गणपतीवर!"

भागीरथाबाई मंदाबाईंच्या पायाशी वाकल्या, तशा मंदाबाईंनी त्यांना दंडाला धरून उभं केलं.

"तुम्ही काऊन वाकता बाई? तुम्ही नाई. मले त्यायचे हात पाह्यजे."

महादेवरावांनी किल्ली फिरवली. पुढच्या ऑटोवाल्यानं मागे वळून पाहिलं आणि आपलं इंजिन बंद केलं. मागून ट्रॅक्टरवरून, कुत्रं कवटाळून बसलेले प्रभाकरराव बोलले, "जोडा, महादेवराव. तवा आपण त्यायले जोडायले लावले. चुकलो आपण. आता तुम्ही जोडा."

महादेवरावांनी सोन्याला सीटवर ठेवलं आणि स्टिअरिंगकडे बघत हात जोडले.

"वर पाहा," मंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी वर पाहिलं.

आता मंदाबाई 'जाऊ द्या' म्हणतील म्हणून सारे थांबले. कोणी हात जोडले की समोरच्यानं तेवढं म्हणायचं, अशी रीतच आहे. मंदाबाईंना ती ठाऊक होती. त्यांनी ते हात मन भरेस्तोवर पाहून घेतले. महादेवरावांचे दंड दुखू लागले, तरी हात खाली घ्यायची त्यांची छाती होईना.

"डॉक्टर, सोन्याले लस देऊन द्या," मंदाबाई म्हणाल्या, आणि पुढचं कुत्रं बघायला वळल्या. 'जाऊ द्या' त्यांनी म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही कधी नाही.