वरच्या दांडीतली चीर

मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. जुनी म्हणजे किती, असं विचाराल तर जेमतेम सहा वर्षांची. पण मित्रांनो, आमच्या जगात सहा वर्षं म्हणजे म्हातारपणच. दरवर्षी कोणीतरी आमच्याहून हलकी, आमच्याहून वेगवान धाकटी बहीण तयार करतं आणि आम्हाला भिंतीवरचा खिळा दाखवतं. शिवाय मी स्वभावाने भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी गोष्ट भीतीचीच आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. कार्बनच्या काळ्या धाग्यांचं कापड असतं. हातमोजे घातलेल्या बायकांनी त्याचे तुकडे साच्यात एकावर एक चिकटवले आणि मला खरपूस भाजून काढलं. वारा अडू नये म्हणून माझ्या नळ्या चपट्या केल्या. माझे गिअर बटण दाबलं की बदलतात. माझ्या पायडलमध्ये एक यंत्र आहे, ते स्वाराच्या पायांतला जोर मोजतं आणि हँडलवरच्या चिमुकल्या पडद्यावर आकडा दाखवतं. एका बोटावर उचलावी इतकी मी हलकी. तेव्हा माझं कोण कौतुक झालं म्हणून सांगू!

मी ज्या संघाकडे आले, तिथे मामा मिस्त्री होते. मामा म्हणजे आमच्या स्वाराचे सख्खे मामा, पण सगळा संघच त्यांना मामा म्हणे. स्वार म्हणजे त्यांची भाची, टोपणनाव टाचणी. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. मामा तरुणपणी स्वतः शर्यती खेळलेले. त्यांची पोलादी सायकल संघाच्या दुरुस्तीच्या कारखान्यात माझ्या समोरच टांगलेली होती. तिचे गिअर बदलायचे तर हँडलवरचा हात काढून पार खालच्या नळीपर्यंत न्यावा लागे. पाय चामडी पट्ट्यांनी पायडलला बांधलेले असत, त्यामुळे पडला तर स्वार सायकलसकट पडे. एकदा पडून तिची दांडी वाकली, तेव्हा मामांनी ती लोहाराकडे नेऊन सरळ केली आणि शर्यत पुरी केली. शेवटून दुसरे आले, पण सांगताना पहिले आल्यासारखे सांगत.

"पोलाद वाकतं, कुरकुरतं, पण सांगून मोडतं," मामा म्हणायचे.

हे ऐकलं की मला भीती वाटायची. कारण मला वाकताच येत नाही. वरून मी अखंड दिसते, तुळतुळीत दिसते, आणि तुटते ती एकदम.

मोठ्या घाटाच्या शर्यतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मुक्कामाच्या जागी, गाड्या लावायच्या खोलीत मामा मला धूत होते. मला स्टँडला लावायचं तर सीटच्या खालची नळी शिकंज्यात धरावी लागते. ती चपटी, म्हणून तिच्यासाठी वेगळं रबर असतं. ते रबर दुसऱ्या गाडीत राहिलं होतं. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझी वरची दांडीच शिकंज्यात घातली. पोलादी सायकल ते जन्मभर अशीच धरत आले होते. मी घसरू नये म्हणून त्यांनी शिकंज्याची मूठ आवळली. मग आणखी अर्धा फेरा आवळली.

माझ्या आत 'टिक' असं झालं.

मामांचा हात थांबला. त्यांनी मला सोडवलं, दांडीवरून अंगठा फिरवला, उजेडात धरून पाहिलं. रंगावर एक चरासुद्धा नव्हता. त्यांनी फडक्याने मला पुन्हा पुन्हा पुसलं. तेवढ्यात प्रशिक्षक दारात आले.

"मामा, सायकल तयार?"

"एकदम झकास," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण सायकल कशी ओरडणार?

दुसऱ्या दिवशी घाट चढताना टाचणी जोर लावी, तसतशी माझ्या दांडीतली चीर उघडे आणि मिटे. मला घाम फुटत नाही, नाहीतर तेव्हा फुटला असता. माथा जवळ येत होता. त्यापलीकडे अठरा किलोमीटरचा उतार होता. तिथे आम्ही ताशी ऐंशीच्या वेगाने जातो, आणि हेल्मेट सोडलं तर स्वाराच्या अंगावर पातळ कपड्याशिवाय काही नसतं. टाचणी सर्वांच्या पुढे होती. तिच्या कानात लहानसा रेडिओ होता, त्यावरून ती मागच्या गाडीशी बोलली.

"मामा, कुठूनतरी कटकट आवाज येतोय."

मामांऐवजी प्रशिक्षकच बोलले, "बाटलीची जाळी सैल झाली असेल. आकडा किती दिसतोय?"

"दोनशे साठ."

"मग पळव! मस्त चाललंय."

आकडा मस्तच होता. पण माझ्या चिरेचा आकडा दाखवणारं यंत्र कोणी बसवलं नव्हतं. माथा चारशे मीटरवर आला. मग तीनशेवर. मला वाटलं, संपलं. माझं काय ते सोडा, ही पोरगी संपली.

एवढ्यात मागून गाडीचा भोंगा वाजत आला. गाडी पुरती थांबायच्या आत मामा उडी मारून उतरले, धावत आले आणि त्यांनी माझी सीट पकडली.

"उतर!"

"मामा, वेड लागलंय का तुला? सोड! मी पहिली आहे!"

"उतर म्हणतो ना! मोडलीय ती. काल माझ्याच हाताने मोडलीय."

टाचणी उतरली. दुसरी सायकल दिली ती तिच्याहून उंच मुलीची होती. तिच्यावर कशीबशी बसून ती गेली आणि अकरावी आली.

संध्याकाळी प्रशिक्षकांचा पारा चढला होता. "एक चरा दाखवा मला! एक!" ते ओरडत होते. मामांनी खिशातून नाणं काढलं आणि माझ्या दांडीवर हलकेच वाजवत नेलं. टण, टण, टण. एका जागी आवाज बदलला. थप. प्रशिक्षकांनी तिथे अंगठा दाबला. दांडी आत गेली. ते मटकन हत्यारांच्या पेटीवर बसले.

टाचणी मामांकडे वळली. "काल कळलं होतं तुला?"

"आवाज आला होता," मामा म्हणाले.

"मग?"

"आधीच सगळे म्हणतात, मामांना नव्या सायकली झेपत नाहीत. म्हटलं, आणखी हसतील."

"हसले असते, बस्स," टाचणी म्हणाली. "आणि मी उतारावर असते, मामा."

मामा हातात तोंड लपवून रडले. मोठं माणूस असं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला आणखीच भीती वाटली.

आता मी कारखान्याच्या भिंतीवर आहे. माझी दांडी करवतीने कापून उघडली आहे. नवे मिस्त्री आले की मामा त्यांना आधी माझ्यापुढे उभं करतात, आतली चीर दाखवतात आणि ती कोणी पाडली तेही सांगतात. मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वस्तू पडली, दबली, तर ती पुसून गुपचूप जागेवर ठेवू नका. ती ज्याला वापरायची आहे, त्याला जाऊन सांगा. थोडी बोलणी खावी लागतील, पण ती चार दिवसांत विसरली जातात.

टाचणीची सायकल अजूनही मामाच जोडतात. ती गाडीवर चढवण्याआधी टाचणी दर वेळी विचारते, "मामा, काही सांगायचं राहिलंय?" मामा लगेच 'नाही' म्हणत नाहीत. ते डोळे मिटतात आणि एकेक स्क्रू आठवून पाहतात. तोवर भिंतीवर माझा जीव टांगणीला लागतो.

गेल्या महिन्यात ते म्हणाले, "हो, राहिलंय." गाडी सुरू होती, उशीर झाला होता, सगळा संघ आत बसला होता. टाचणीने हात करून गाडी बंद करायला लावली आणि ती मामांशेजारी खाली बसली. "सांग," ती म्हणाली. कोणीच हसलं नाही.